आधी मोठं सर्टिफिकेशन की आधी नोकरी? पुण्यातल्या आयटी फ्रेशर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंग, बीसीएस, बीसीए, एमसीए करणारी मुलं-मुली आणि त्यांचे पालक हे प्रश्न सतत विचारतात. मी पुण्यात नेटवर्क आणि सर्व्हरच्या कामात आहे आणि नवीन मुलांच्या मुलाखती घेणं हा त्या कामाचाच भाग आहे. टेबलाच्या या बाजूने जे दिसतं, ते इथे लिहिलं आहे.

मी शेवटच्या वर्षाला आहे. आत्ताच सीआयएसएसपी करता येईल का?

सीआयएसएसपी हे सायबर सुरक्षेतलं वरच्या पातळीचं सर्टिफिकेशन. परीक्षा देता येईल, पास झालात तरी सर्टिफिकेशन मात्र लगेच मिळणार नाही. सीआयएसएसपीच्या अभ्यासक्रमात आठ विषय आहेत. त्यातल्या किमान दोन विषयांत मिळून ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. कॉम्प्युटर, आयटी किंवा जवळच्या विषयातली पदवी किंवा मान्य यादीतलं एखादं सर्टिफिकेशन असेल, तर त्यातलं १ वर्ष माफ होतं. दोन्ही असली तरी सूट एकाच वर्षाची. अनुभव नसताना पास झालात, तर तुम्हाला ‘असोसिएट ऑफ आयएससी२’ म्हणतात (आयएससी२ ही सर्टिफिकेशन देणारी संस्था) आणि अनुभव पूर्ण करायला ६ वर्षं मिळतात. तोवर नावापुढे सीआयएसएसपी लावायचं नाही. लावलं, तर तो नियमभंग ठरतो.

अनुभव पूर्ण झाल्यावरही कोणीतरी तुमच्या कामाची खातरजमा करावी लागते. आधीच आयएससी२चा सदस्य असलेला माणूस ती करतो किंवा ती संस्था स्वतः. म्हणजे ही सगळी रचनाच काम केलेल्या माणसासाठी आहे. कॉलेजमध्ये असताना या परीक्षेमागे वर्ष घालवलंत, तर हातात येतं ते ‘असोसिएट’ हे बिरुद आणि फ्रेशरच्या जागा भरणाऱ्या एचआरला बहुतेक वेळा ते ओळखूही येत नाही.

सिक्युरिटीतच जायचं असेल तर याच संस्थेचं ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’ किंवा कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस बघा. दोन्हींना अनुभवाची अट नाही.

पीएमपी, सीसा, सिझम यांचं काय?

तीच गोष्ट. पीएमपी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं, सीसा आयटी ऑडिटचं आणि सिझम सिक्युरिटी मॅनेजमेंटचं सर्टिफिकेशन. पीएमपीला चार वर्षांची पदवी असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. इथे तर अनुभव दाखवल्याशिवाय परीक्षेला बसताच येत नाही. काही अर्ज तपासणीसाठी काढले जातात आणि मग जुन्या साहेबांकडून सही आणावी लागते. कॉलेजचा मेगा प्रोजेक्ट यात धरत नाहीत. सीसा आणि सिझमची परीक्षा आधी देता येते, पण सर्टिफिकेशनसाठी साधारण ५ वर्षांचा अनुभव हवाच. काही अटींवर त्यात थोडी सूट मिळते.

पण सीसीएनपी, सीसीआयई, एडब्ल्यूएस प्रोफेशनल यांना अनुभवाची अट नाही. मग ती का करू नयेत?

खरी फसगत इथेच होते, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो. सीसीएनपी आणि सीसीआयई ही सिस्को या नेटवर्क कंपनीची वरच्या पातळीची सर्टिफिकेशन्स, तर एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनची क्लाउड सेवा.

एडब्ल्यूएसने २०१८मध्ये आणि सिस्कोने २०२०मध्ये खालच्या पायरीची सक्ती काढून टाकली. आता कोणीही थेट सीसीएनपी किंवा एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल देऊ शकतं. सीसीआयईला तर औपचारिक पात्रतेची अट नाहीच. हे ऐकून मुलांना वाटतं की मधल्या पायऱ्या वाचल्या. पण सक्ती गेली म्हणून परीक्षा कोणासाठी आहे हे बदललं नाही. सिस्को स्वतः सीसीआयईसाठी ५ ते ७ वर्षांच्या अनुभवाची शिफारस करते. त्याची लॅब ८ तासांची असते. एडब्ल्यूएस प्रोफेशनलसाठी २ किंवा जास्त वर्षांच्या अनुभवाची शिफारस आहे.

हुशार मूल वाचून पास होऊ शकतं, यात शंका नाही. आपल्याकडच्या मुलांना परीक्षेची तयारी कशी करायची ते शिकवावं लागत नाही. अडचण नंतर येते. रेझ्युमेवर प्रोफेशनल पातळीचं सर्टिफिकेशन दिसलं, की मुलाखत घेणारा प्रश्नांची पातळी वर नेतो. फ्रेशरला विचारतात तसं ‘सबनेट मास्क म्हणजे काय’ कोणी विचारत नाही. तो विचारतो, ‘तुमच्याकडे हे कधी बिघडलं होतं का, आणि तुम्ही काय केलंत?’ काम केलेलंच नसेल, तर या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

शिवाय रेझ्युमे मधल्यामधे अडकतो. फ्रेशरची जागा भरणाऱ्याला वाटतं, हा तीन महिन्यांत जास्त पगारावर दुसरीकडे उडी मारेल. अनुभवी माणसाची जागा भरणाऱ्याला अनुभवाच्या रकान्यात शून्य दिसतं. दोन्हीकडून फोन येत नाही आणि मूल समजतं की आपण अजून एक सर्टिफिकेशन करायला हवं होतं. त्या चक्रात दोन-दोन वर्षं गेलेली मुलं मी पाहिली आहेत. ती आळशी नव्हती, बाकीच्यांपेक्षा जास्तच राबत होती. म्हणूनच ते बघून जीव तुटतो.

मुलाखतीत अनुभव नेमका कसा तपासतात? एखादं उदाहरण द्याल का?

मी नेहमी विचारतो तो एक प्रश्न सांगतो. दोन स्विचमध्ये ट्रंक लिंक आहे, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी केलेली नेटवर्क) एकत्र नेणारी जोडणी. व्हीलॅन १० आणि ३० त्यावरून चालू आहेत. नवीन व्हीलॅन २० सुरू करायचा आहे. तुम्ही ट्रंकवर कमांड देता: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन २०’. पुढे काय होईल?

सीसीएनपी झालेली बरीच मुलं म्हणतात, व्हीलॅन २० सुरू होईल. होईलच. पण १० आणि ३० बंद पडतील, कारण ‘व्हीलॅन’ आणि ‘२०’ यांच्या मध्ये ‘ॲड’ लिहिलं नाही. ‘ॲड’ नसेल तर जुनी यादी पुसून तिथे फक्त २० उरतो. संपूर्ण मजल्याचं नेटवर्क जातं. तुम्ही लांबून लॉगिन केलं असेल आणि तुमचं कनेक्शन व्हीलॅन १०मधूनच येत असेल, तर स्विच तुमच्याही हातातून जातो.

एनओसीमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात) सहा महिने बसलेला मुलगा हे लगेच ओळखतो. तो पुढचंही सांगतो: आधी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ बघेन, चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करून ठेवेन, चेंजची वेळ मंजूर करून घेईन आणि बिघडलं तर मागे कसं यायचं ते तिकिटात (कामाच्या नोंदीत) आधीच लिहीन. हे त्याला कोणी पाठ करून घेतलेलं नसतं. ही खबरदारी दुसऱ्याचं चालू नेटवर्क हाताळताना अंगवळणी पडते.

लिनक्सवाल्यांना विचारायचा प्रश्न असा: ‘डीएफ’ ही कमांड डिस्क भरली म्हणतेय, पण ‘डीयू’ने फोल्डरांची बेरीज केली तर निम्मीच भरते. बाकीची जागा कुठे गेली? कोणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केलेली असते, पण ती उघडून बसलेली प्रोसेस अजून चालू असते. ‘एलएसओएफ’ने ती प्रोसेस शोधायची आणि व्यवस्थित रीस्टार्ट करायची. ज्याने रात्री दोन वाजता हे एकदा केलं आहे, त्याच्या चेहऱ्यावरच उत्तर दिसतं.

मग पहिलं सर्टिफिकेशन कोणतं करावं?

एकच करा, आणि ज्या कामासाठी अर्ज करणार आहात त्याचंच. नेटवर्कला सिस्कोचं सीसीएनए. लिनक्सला रेड हॅट या कंपनीचं आरएचसीएसए. क्लाउडला एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट किंवा मायक्रोसॉफ्टचं एझेड-१०४. टेस्टिंग किंवा डेव्हलपमेंटमध्ये जाणार असाल, तर सर्टिफिकेशनच्या आधी गिटहबवर स्वतः लिहिलेला आणि दुसऱ्याला समजावून सांगता येईल असा एक प्रोजेक्ट ठेवा. तिथे सर्टिफिकेशनला तितकी किंमत नाही.

चार वेगवेगळ्या कंपन्यांची चार पायाभूत सर्टिफिकेशन्स गोळा करू नका. त्यातून एवढंच दिसतं, की कुठे जायचं हे अजून ठरलेलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षांचंही असंच आहे का?

नाही, त्यांना मी वेगळं मानतो. रेड हॅटच्या परीक्षेत पर्यायी उत्तरं नसतात. समोर मशीन दिलेलं असतं आणि त्यावर काम करून दाखवायचं असतं. केलेले बदल मशीन रीबूट झाल्यावरही टिकले पाहिजेत. डिस्क जोडणीच्या ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये एक ओळ चुकली आणि मशीन उठलंच नाही, तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग होत नाही. अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीचं सीकेए दोन तासांचं आहे आणि पूर्ण टर्मिनलवर चालतं. सिक्युरिटीतलं ओएससीपी तर जवळपास २४ तास चालतं आणि त्यानंतर रिपोर्ट लिहायला आणखी २४ तास मिळतात.

अशी परीक्षा पास झालेल्या फ्रेशरला मी आवर्जून बोलावतो. त्याने हात चालवले आहेत, एवढं तरी नक्की कळतं. तरीही आरएचसीएसए झाल्यावर लगेच त्याच्या वरचं आरएचसीई, मग लगेच पुढचं, अशी रांग लावू नका. मध्ये नोकरी येऊ द्या.

कंपनीत न जाता हात चालवायचे कुठे?

यासाठी पैसे जवळपास लागत नाहीत. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे आणि सीसीएनएला पुरतं. रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापरासाठी फुकट मिळतं. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन लिनक्स मशीन आरामात चालतात, सोळा जीबी असेल तर मिनीक्यूबही (लॅपटॉपवरचं छोटं कुबरनेटिस) चालेल. एडब्ल्यूएस फ्री टिअर वापरताना पहिल्याच दिवशी बिलिंग अलार्म लावा आणि काम झालं की इन्स्टन्स (क्लाउडवरचं मशीन) बंद करा. विसरून चालू राहिलेल्या नॅट गेटवेसारख्या सेवेचं बिल विद्यार्थ्याला परवडत नाही.

लॅब नुसती उभी करून थांबू नका, ती मुद्दाम बिघडवा. मित्राला सांगा, माझ्या मशीनवर एक गोष्ट मोडून ठेव आणि मला सांगू नकोस. मग ती शोधा आणि काय दिसलं, काय तपासलं, काय सापडलं हे अर्ध्या पानात लिहून काढा. अशी दहा-पंधरा पानं जमली, की मुलाखतीत ‘तुम्ही काय केलंत’ या प्रश्नाला तुमच्याकडे खरं उत्तर असतं.

क्लास लावू का? तिथे ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतात.

डेक्कन, कर्वे रोड, वाकड, पिंपळे सौदागर, सगळीकडे चांगले शिकवणारे आहेत आणि नुसत्या पाट्या लावलेलेही आहेत. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिकवणारा माणूस सध्या किंवा आधी या कामात होता का? लॅबचे तास किती आणि प्रत्येकाला वेगळं मशीन मिळतं का? मागच्या बॅचच्या दोन मुलांशी बोलायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर निघून या. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा अर्थ पुष्कळदा ‘शंभर टक्के मुलाखतींची माहिती पाठवू’ एवढाच असतो. पावतीवर किंवा करारावर काय लिहिलं आहे ते वाचा.

अनेक परदेशी सर्टिफिकेशन्सचं एकत्र पॅकेज दीड-दोन लाखांना विकलं जात असेल आणि त्यात फ्रेशरसाठी सीसीआयई किंवा पीएमपी असेल, तर विकणाऱ्याला तुमच्या नोकरीची फिकीर नाही, हे ओळखा.

पूर्ण वेळ देता येत असेल, तर आपल्याच शहरात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे पदव्युत्तर डिप्लोमा आहेत. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सहा-एक महिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम करून घेतात आणि शेवटी कॅम्पसची सोय असते. दोन वर्षं घरी बसून पाच सर्टिफिकेशन्स करण्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी बरा वाटतो.

डम्प्स वापरून पास होतात लोक. मी का करू नये?

डम्प्स म्हणजे परीक्षेतून चोरलेले प्रश्न. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेच्या करारावर ‘मान्य’ करता. डम्प्स वापरल्याचं आढळलं तर सर्टिफिकेशन रद्द होतं आणि पुढे परीक्षांवर बंदी येऊ शकते. त्याहून मोठं नुकसान म्हणजे मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं आणि मग तुम्हाला खरोखर जे येतं त्यावरही विश्वास बसत नाही.

एल१ (पहिल्या पातळीचा) सपोर्ट, सर्व्हिस डेस्क, रात्रपाळी… अशी नोकरी घेतली तर करिअर अडकतं म्हणतात.

मी याच्या अगदी उलट सांगेन. खराडी, मगरपट्टा, हिंजवडी, तळवडे इथल्या सपोर्ट आणि मॉनिटरिंगच्या जागा म्हणजे इन्फ्रामध्ये (सर्व्हर-नेटवर्कच्या कामात) शिरायचा सगळ्यात खरा दरवाजा आहे. दिवसाला वीस-तीस तिकिटं येतात. त्यातली निम्मी पासवर्ड रीसेटची असतात, हे खरं. पण उरलेल्यांत डीएनएस, डीएचसीपी, वेबसाइटचं सर्टिफिकेट संपलेलं, डिस्क भरलेली, व्हीपीएन तुटलेलं, सगळं येतं. चालू सिस्टिमवर काय घडतं ते तुम्हाला दुसऱ्याच्या खर्चाने शिकायला मिळतं.

सिक्युरिटीचं म्हणाल, तर ऑगस्ट २०१८मध्ये आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला आठवा. एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणाच मालवेअरने बाजूला सारली गेली. बनावट कार्डांवर २८ देशांतून काही तासांत पैसे काढले गेले, नंतर स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-व्यवहार यंत्रणेतूनही रक्कम बाहेर गेली. एकूण आकडा सुमारे ९४ कोटींचा. अशा वेळी स्क्रीनवरचे आकडे नेहमीसारखे नाहीत हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येऊ शकतं? जो रोज ते आकडे बघतो त्याच्या. रोजचं कसं दिसतं हे माहीत असल्याशिवाय वेगळं काय ते कळत नाही. रात्रपाळीचा एल१ ॲनालिस्ट नेमकं हेच शिकत असतो.

अडकणारे लोक असतात, नाही असं नाही. वर्ष-दीड वर्षानंतरही तुम्ही फक्त तिकीट पुढे ढकलत असाल, तर टीम बदला. आणि हीच वेळ वरच्या सर्टिफिकेशनची. आता सीसीएनपीचं पुस्तक उघडलंत, की प्रत्येक धड्यात तुम्हाला तुमचंच एखादं तिकीट दिसेल. फी पुष्कळदा कंपनीच भरते.

आमची मुलगी पास होऊन दीड वर्ष झालं, घरीच सर्टिफिकेशन्स करते आहे. आम्ही काय करावं?

तिला दोष देऊ नका. ती मेहनत करते आहे, फक्त त्या मेहनतीची कोणाकडे नोंद होत नाही. पुढची परीक्षा थोडी थांबवा आणि कामाचा कुठलाही खरा अनुभव मिळतो का बघा. पदवीधरांसाठी केंद्र सरकारची नॅट्स ही अप्रेंटिसशिप योजना आहे. वर्षभराची असते, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. ओळखीच्या दवाखान्याचं, शाळेचं किंवा चाकण-भोसरीतल्या लहान कारखान्याचं नेटवर्क आणि बॅकअप सांभाळायचं काम मिळालं तरी घ्या. मात्र लेखी पत्र आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा. आयएससी२सारख्या संस्था इंटर्नशिप आणि अर्धवेळ कामही ठरावीक नियमांनी अनुभवात धरतात.

दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर विकत मिळतं. बाकीचे घेतात.

घेऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफची नोंद, पगाराचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, सगळं तपासतात. पीएफच्या यूएएन क्रमांकावर कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात ते स्पष्ट दिसतं. हे उघड झालं की नोकरी जाते, तीही कधीकधी वर्षभराने, घराचा हप्ता सुरू झाल्यावर.

खर्च किती येतो?

फी बहुतेक डॉलरमध्ये असते. एडब्ल्यूएस असोसिएट १५० डॉलर, प्रोफेशनल ३०० डॉलर, सीसीएनए ३०० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे असोसिएटलाच पंधरा-सोळा हजार जातात. नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी. सीकेएमध्ये एक फेरपरीक्षा फीमध्येच धरलेली असते. एडब्ल्यूएसची एक परीक्षा पास झालात की पुढचीवर ५० टक्के सवलत मिळते. ती नोकरी लागल्यावर वापरा.

सर्टिफिकेशन किती वर्षं टिकतं?

सिस्को, एडब्ल्यूएस आणि रेड हॅटचं ३ वर्षं, सीकेए २ वर्षं. मायक्रोसॉफ्टचं असोसिएट आणि एक्स्पर्ट १ वर्ष, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट होतं. अनुभव नसताना घेतलेलं वरचं सर्टिफिकेशन तुम्ही त्या पदावर पोहोचेपर्यंत संपलेलंच असतं, हाही हिशेब करा.

परीक्षा घरून द्यावी की सेंटरवर?

सीआयएसएसपीला सेंटरवरच जावं लागतं. सीकेए ऑनलाइनच असते. सीसीएनए आणि एडब्ल्यूएसला दोन्ही पर्याय आहेत. पीजीत किंवा तिघांच्या फ्लॅटवर राहत असाल, तर सेंटरच घ्या. घरून देताना खोलीत दुसरं कोणी आलं, मागून आवाज आला किंवा तुम्ही कॅमेऱ्याबाहेर गेलात, तर निरीक्षक परीक्षा थांबवू शकतो. वीज किंवा वायफाय गेलं तर तो मनस्ताप वेगळाच.

नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, काही कागदांवर आडनाव आधी येतं आणि स्पेलिंगही बदलतं. नाव जुळलं नाही म्हणून दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. पासपोर्ट असेल तर त्यावरचंच नाव सगळीकडे ठेवा. कोणतं ओळखपत्र चालतं ते परीक्षेच्या आठवडाभर आधी त्या संस्थेच्या यादीत बघून घ्या, म्हणजे नाव दुरुस्त करून घ्यायला वेळ मिळतो.